डाव्या बाजूच्या पायाखालचं पाणी

गोवा मोकळा झाला त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आमच्या घरी मोटारगाडी आली. आमच्या वाडीत तोपर्यंत कुणाकडे साधी सायकलही धड नव्हती. माझा नवरा बोटीवर नोकरीला होता. गोव्यात कुणीतरी जुनी गाडी काढतोय असं त्याला कळलं, आणि इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर अर्धा दिवस अडकून तो ती घरी घेऊन आला. काळी, गोल पाठीची, आत लाल गाद्या.

तो आठ दिवस राहिला. आठ दिवसांत अख्खी वाडी त्या गाडीत बसून मालवणच्या बाजारापर्यंत जाऊन आली. शेजारची म्हातारी तर दोनदा जाऊन आली, कारण पहिल्या खेपेला तिला झोप लागली होती. मी मात्र चुलीपुढे. गाडी बघायला येणाऱ्यांना चहा कोण देणार? नववा दिवस उजाडला आणि तो बोटीवर गेला. चालत्या गाडीत मी एकदाही बसले नव्हते. हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि मीही तोंडातून शब्द काढला नाही. तेव्हा मला राग गिळायची सवय होती. ती पुढे सुटली.

आषाढात पत्र आलं. 'चतुर्थीला येतो. गाडी कोरडी ठेव. तुला गाडीतून मसुऱ्याला नेईन.' तीनच वाक्यं, पण ते पत्र मी पोलक्यात ठेवून फिरायची. मसुरं माझं माहेर. माझं लग्न ठरलं तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या होत्या की नवरा समुद्रावर आणि ही एकटी भिंतींशी बोलणार. त्यांचं खरंच झालं होतं, म्हणून ते जास्त लागायचं. मला एकदाच आईच्या दारात गाडीतून उतरायचं होतं. सगळ्यांच्या देखत, नवऱ्याच्या शेजारच्या सीटवरून. बाकी काही नको होतं.

घरात मी आणि माझे सासरे, दोघंच. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. आयुष्यभर त्यांनी होड्या बांधल्या होत्या आणि आता हात थरथरतात म्हणून घरी बसले होते. ते खाकरले की मी पान वाढायचं, ते उठले की मी ताट उचलायचं. एवढंच आमचं बोलणं. पावसाळ्यात तर दोन दोन दिवस माझा आवाज माझ्याच कानावर पडत नसे.

गाडी मागच्या अंगणात नारळाच्या चुडतांनी शाकारलेल्या खोपीत उभी होती. पत्र आलं त्या दिवशी मी हौसेने दार उघडलं, तर आतून भिजत घातलेल्या काथ्यासारखा वास आला. ड्रायव्हरच्या शेजारी, डाव्या बाजूला, खालच्या चटईवर पाय ठेवला तर पचकन पाणी वर आलं. नेमकं जिथे माझे पाय असणार तिथे. मी मामंजींना हाक मारली.

ते आले, गुडघ्यांवर बसले, मग चिखलात सरळ आडवे झाले आणि गाडीखाली शिरले. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. ''अगो, तळाक भोकाच भोका! दारांच्या खाली पण आसत. अशी होडी मी बांधलेली असती तर लोकांनी माका बंदरार उभो रवांक दिला नसता.''

एका दमात एवढी वाक्यं मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोपऱ्यातली हत्यारांची पेटी काढली. मी चुलीवर तेलात राळ उकळून दिली. त्यांनी कापसाच्या वाती वळल्या आणि होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवतात तशी गाडीच्या तळाची आणि दारांखालची एकूण एक भोकं ठासून बुजवली. वरून राळ. त्या दिवशी त्यांचे हात थरथरत नव्हते. जेवताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागून घेतला.

मग तीन दिवस पावसाने झोडपलं. खोप काही पुरी पडली नाही. चौथ्या दिवशी मी दार उघडलं तर आत घोटाभर पाणी. दार हलवलं की शहाळं हलवल्यासारखा आवाज यायचा, म्हणजे दाराच्या पोटातही पाणी भरलं होतं. लाल गादीची खालची कड काळी पडली होती. चतुर्थीला जेमतेम दीड महिना उरला होता.

तांब्याने पाणी उपसता उपसता माझी नजर पायरीवरच्या अबोलीच्या डब्याकडे गेली. तुपाचा रिकामा डबा, त्याला मीच खिळ्याने खालून भोकं पाडली होती, पाणी साचून मुळं कुजू नयेत म्हणून. मी हातातला तांब्या खाली ठेवला.

आता हे मामंजींना कसं सांगायचं? माणसाने जन्मभर जे केलं तेच चुकलं, असं सुनेने सासऱ्याला सांगायचं? दुपारी ताट वाढलं आणि भिंतीकडे बघत म्हणून टाकलं, ''मामंजी, ही होडी न्हय. हिका पाणी खालसून येणा नाय, वयसून येता. ती भोकां पाणी जावक ठेवलेली आसत.''

ते भात तसाच टाकून उठले. मला वाटलं, होतं नव्हतं तेही बोलणं संपलं. रात्रभर मी स्वतःला शिव्या घातल्या. सकाळी बघते तर म्हातारा गाडीखाली उताणा, हातात बारीक सळई, एकेक बोळा ओढून काढतोय. पाणी त्यांच्या बाहीतून आत चाललं होतं. मी म्हटलं, राहू द्या, मी करते. ते म्हणाले, ''मी घातलंय, मीच काढतलंय.''

पाणी वरून येतं हे खरं, पण नेमकं कुठून? ते शोधायला उघाडीचा दिवस हवा होता. तो मिळाला तेव्हा मी आतून सगळं पुसून कोरडं केलं, आणि समोरच्या काचेच्या काळ्या रबराला, दारांच्या कडांना तांदळाचं पीठ लावलं. थेंब आला तरी पिठावर ओघळ दिसेल, ही माझी अक्कल. मामंजींची अक्कल अशी की पाणी एकदम सगळीकडे मारायचं नाही, खालून सुरुवात करायची, एका जागी एक कळशी, मग वर सरकायचं. मी आत बसून काचा लावून घेतल्या. ते बाहेरून ओतायचे आणि काचेवर बोटाने वाजवायचे. काही नसेल तर मी मान हलवायची.

दाराखाली, नाही. दाराच्या मध्यावर, नाही. कळशी भरून आणायला त्यांना वेळ लागे. तेवढा वेळ मी त्या बंद गाडीत, डाव्या सीटवर. बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. तिथे मी काय करत होते ते आता सांगायला हरकत नाही. मी मसुऱ्याला चालले होते. रिकाम्या उजव्या सीटकडे बघून म्हणत होते, ''जरा हळू चालवा. तो आंबा दिसतो ना, तिथून वळा. आई दारातच उभी असेल.'' आणि मग मीच त्याच्या वतीने हसायची. भिंतींशी बोलण्यापेक्षा बरं होतं ते.

काच वाजली. मामंजी कळशी धरून माझ्याकडे बघत उभे होते. मी काच खाली केली.

''कोणाक बोलतंस गो?''

''कोणाक नाय.''

मी काच परत वर केली. त्यांनी कळशी समोरच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यावर ओतली. पांढऱ्या पिठावरून एक करडी रेघ निघाली, वाकडी होत खाली उतरली आणि माझ्या पायाच्या अंगठ्यावर टपकली. मी दोन्ही हातांनी काच बडवली. रबर तिथे तडकलं होतं. मामंजींनी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली, सुरीच्या टोकाने फटीत बसवली, वर राळेचा हात दिला. दोन दिवस सुकू दिलं. त्यानंतर श्रावण कोसळला, पण रोज सकाळी मी अनवाणी पाय आत ठेवून बघायची आणि पाय कोरडाच निघायचा.

नवरा चतुर्थीच्या आदल्या दिवशी आला. आधी गाडीकडेच गेला, वास घेतला, चटया उचलून बघितल्या. ''अगो, काय कोरडी ठेवलंस! नव्यासारखी आसा.'' मला वाटलं, आता विचारेल, कधी निघूया.

गणपती पोचवून आल्यावर तो म्हणाला, ''माका लांबची बोट गावली. दोन वर्सां. गाडी हय उभी रवान सडतली. सावंतवाडीच्या एका माणसाक विकतंय म्हणान सांगितलंय, उद्या पोचवक व्हयी.''

''तीन म्हयने उभी होती. सडली नाय,'' मी म्हटलं.

''मसुऱ्याक पुढच्या खेपेक जावया. नायतर एसटी आसा मा.''

तो वाईट माणूस नव्हता. पत्रात लिहिलं होतं ते तो विसरला होता, एवढंच. पण त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की काचेतली ती ट्यूबची पट्टी उपटून काढावीशी वाटली. त्याऐवजी मी सकाळी दुसरं लुगडं नेसून गाडीजवळ जाऊन उभी राहिले. म्हटलं, ''तिठ्यापर्यंत माका घेवन चला.''

दार मामंजींनी उघडलं, आणि मी बसल्यावर नीट दाबून लावलं. पाऊस पडत होता. तिठा फार लांब नाही. नवरा बोटीबद्दल बोलत होता, मी पायाखाली बघत होते. तिठ्यावर मी उतरले, त्याने हात केला, गाडी वळली. मी चिखलातून चालत परत आले.

मामंजी रिकाम्या खोपीत उभे होते. गाडी जिथे असायची तिथे जमिनीचा चौकोन कोरडा होता.

''पाणी इला?'' त्यांनी विचारलं.

''नाय, मामंजी. एक थेंब इलो नाय.''

त्यांनी मान डोलावली. मग मी त्यांच्यासमोर, पहिल्यांदाच, तोंड न झाकता रडले, आणि ते माझं रडणं संपेपर्यंत तिथेच उभे राहिले.