बंद नळीतला राबाचा वास

गेल्या डिसेंबरमधला शनिवार, सकाळी अकराची वेळ. ठिकाण – वरवे बुद्रुकमधली दहा बाय बाराची खोली, म्हणजे एक घरगुती प्रयोगशाळा. हजर माणसं तीन : मी, माझ्या अशील सुनंदाताई आणि त्यांच्या सासूबाई. माझी ठरलेली फी पंचवीस हजार.

त्या दिवशी जे घडलं, तसल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. मी मूळचा रसायनशास्त्रातला संशोधक. प्रयोगशाळेत एकदा तिखट वाफ नाकात गेली आणि वास कळणं कायमचं बंद झालं... मग ते काम सोडून रसायन आणि जैवतंत्रज्ञानातल्या पेटंटांची कामं धरली. घरी दूध नासलंय का, हे बायको हुंगून सांगते.

आमच्या भोर-वेल्ह्यात भाताचं रोप टाकण्याआधी राब भाजतात – वाफ्यावर शेण, पालापाचोळा पसरून पेटवतात. हे भाजणं टळावं म्हणून सुनंदाताईंनी हिर्डोशीच्या आपल्या शेतातल्या न भाजलेल्या मातीतून एक जिवाणू वेगळा काढून मिश्रण बनवलं होतं. सोमवारी पेटंटचा अर्ज जायचा होता. त्याआधी जिवाणूचा नमुना पुण्याच्या संग्रहकेंद्रात जमा करायचा. भलताच नमुना गेला तर अर्ज पोकळ. आणि बुधवारी मिश्रण प्रदर्शनात मांडलं जाणार, म्हणजे थांबायचीही सोय नाही – एकदा लोकांसमोर आलं की नवेपणा संपला. चार वर्षांची मेहनत होती बाईंची.

टेबलावर दोन डबे. दोन्हींत तोंड वितळवून बंद केलेल्या काचेच्या नळ्या, आत जिवाणूंची चिमूटभर सुकी पूड. एकावर लिहिलेलं ‘मूळ’ – सुनंदाताईंचा जिवाणू. दुसऱ्यावर ‘तुलना’, म्हणजे भाजलेल्या वाफ्यातले जिवाणू. मी ‘मूळ’मधली नळी उजेडात धरली... आणि मला वास आला. जळक्या शेणाचा, पाल्याच्या धुराचा.

“इथं कुणी राब भाजतंय का?”

सासूबाई हसल्या. “आवं साहेब, मार्गशीर्षात कुठला राब? आन् तुमचं नाक तर बंद हाय म्हनं!”

नळी ठेवली, वास गेला. उचलली, पुन्हा आला. ‘तुलना’च्या नळीला काहीच नाही.

“सर, नळ्या सीलबंद आहेत,” सुनंदाताई म्हणाल्या. मग एकदम थबकल्या. “आई, मी लेबलं लावायच्या आधी तुम्ही फळी पुसलीत का?”

“पुसली की! धूळ लई व्हती. नळ्यांचे ट्रे उचलले, परत ठिवले. त्यास्नी काय नावं व्हती तवा?”

दोन्ही डब्यांतली एकेक नळी फोडून जिवाणू वाढवायला ठेवले. सोमवारी सकाळी सुनंदाताईंच्या जिवाणूचे केशरी ठिपके उगवले – ‘तुलना’च्या बशीत. म्हणजे ट्रेंची अदलाबदल झाली होती, ‘मूळ’मध्ये होते भाजलेल्या वाफ्यातले. योग्य नळ्या जमा झाल्या, संध्याकाळी अर्ज गेला.

सुनंदाताईंनी फी पूर्ण दिली. त्यातले आठशे मी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दिले. त्यांनी कापूर हुंगवला, कॉफी हुंगवली. काही नाही.

चैत्रात मुद्दाम हिर्डोशीला गेलो. शेजारच्या शिवारात खरा राब पेटला होता. धुरात उभा राहिलो, डोळ्यांतून पाणी आलं.

“येतो का वास?” सासूबाईंनी विचारलं.

“नाही, मावशी.”

“मंग त्या दिशी कुनी हुंगलं?”