लेझमीची पुढची रांग आणि माझे कुरळे केस

मैत्रिणींनो, टाळू अजून ठणकतेय. रागातच लिहून राहिली.

मी रोज लेझीम खेळते. नंतर घामेजलेले कुरळे केस नुसत्या पाण्यानं धुते, ओले असतानाच बोटांनी सोडवून सैल वेणी घालते. कोरडे विंचरले की तुटतात.

आज व्यायामशाळेतल्या ताई म्हणाल्या, "इंग्रजांच्या मध्य प्रांताच्या काळापासून इथं चापूनचोपून वेणी असते. या झिपऱ्या घेऊन समोर नोको उभी राहू." आणि कोरड्या केसांतून फणी ओढली. पुंजका निघाला. सगळ्या हसल्या.

मी मुठीत घरी आणलेला तो पुंजका आईनं पाहिला आणि डोक्यावरचा पदर काढला. खाली माझ्यासारखेच कुरळे केस. म्हणाली, "मले वाटे, खोट माह्याच केसात आहे."

उद्या प्रात्यक्षिक आहे. मी सैल वेणीनंच पुढं उभी राहीन. आई पाहायला येणार आहे, पदर न घेता.

तुमी येता का?