चीफ इंजिनिअरांनी स्वतःचं पोट साफ केलं त्याची गोष्ट

आमचे साडू प्लंबर. तुंबलेलं बेसिन असो की बुजलेलं गटार, त्यांनी हात घातला की मोकळं. पण गडी तेवढ्यावर थांबेल तर शपथ. जगात जे काही बिघडतं ते पाइपातच बिघडतं, असं त्यांचं ठाम मत. भूकंप का होतो, हेसुद्धा त्यांनी मला एकदा पाइपाचा तुकडा हातात धरून समजावलं होतं. गल्ली त्यांना चीफ इंजिनिअर म्हणायची. ती थट्टा आहे, हे त्यांच्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

तर या चीफ इंजिनिअरांना शौचावाटे रक्त पडू लागलं. मेहुणीनं रडून-भांडून त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, नळी घालून आतडं आतून बघू. नळी म्हटल्यावर साडूंचा चेहरा असा खुलला, जणू धंद्यातलाच माणूस भेटला. डॉक्टर घाईत होते. आणखी कुठली औषधं चालू आहेत का, एवढं त्यांनी लिहिता लिहिता विचारलं. साडू छातीठोकपणे म्हणाले, "छे, औषधाला मी शिवत नाही."

गुडघेदुखीच्या गोळ्या ते सकाळ-संध्याकाळ फुटाण्यासारख्या खायचे. पण ती त्यांच्या लेखी औषधं नव्हतीच, चहासारखी सवय होती. डॉक्टरांनीही मान वर केली नाही. पोट साफ करायच्या खारट औषधाच्या दोन बाटल्या लिहून दिल्या आणि घंटी वाजवली.

बाहेर कंपाउंडरनं बजावलं, की एक बाटली संध्याकाळी, दुसरी सकाळी, आणि पाणी पेल्यामागून पेले. साडूंनी मान डोलावली. त्यांची मान डोलली म्हणजे ऐकलं नाही, हे मेहुणीला लग्नापासून माहीत.

घरी आल्यावर त्यांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि निकाल दिला. गटार मोकळं करायची पावडर टाकली की वरून पाणी ओतायचं नसतं. ओतलं की पावडर वाहून जाते आणि मळ तिथल्या तिथे. आतडं म्हणजे तरी दुसरं काय? आणि जुनं तुंबलेलं असलं की माल दुप्पट लागतो. म्हणून दोन्ही बाटल्या एका बैठकीत रिचवल्या. मेहुणी पाण्याचा तांब्या घेऊन मागे मागे.

"अहो, दोन घोट तरी घ्या. तो कंपाउंडर घसा फोडून सांगत होता."

"तो कधी गटारात उतरलाय? पाण्यानं औषध पातळ झालं तर काम कोण करणार, तुझा भाऊ?"

मग संडासाच्या फेऱ्या सुरू झाल्या. फेऱ्यांनी गुडघे दुखले, म्हणून वर आणखी दोन गोळ्या.

तपासणीत आतडं लख्ख निघालं. रक्त साध्या मूळव्याधीचं होतं. इतकं स्वच्छ आतडं आपण पाहिलं नाही, असं नर्स म्हणाली म्हणे. हे प्रशस्तिपत्र साडूंनी गल्लीत दारोदार वाटलं. वाटता वाटता पाय सुजले, चपला होईनात, अन्न बघवेना, आणि लघवी जवळजवळ बंद. मोठ्या दवाखान्यात किडनीच्या डॉक्टरबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि मेहुणीला एकेक गोष्ट विचारून सगळं काढून घेतलं. मग साडूंकडे वळल्या.

"त्या औषधात फॉस्फेट असतं. ते पाण्याबरोबर वाहून जायला हवं होतं. तुम्ही पाणीच प्यायला नाहीत, म्हणून त्याचे कण किडनीत जाऊन बसले. वर त्या गोळ्या. त्यांनी किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं."

साडू बारीक आवाजात म्हणाले, "म्हणजे गाळणीची जाळी बुजली."

"बुजली."

"नवी टाकता येते?"

"दुकानात मिळत नाही. ही सुधारली नाही, तर जन्मभर रक्त गाळायच्या मशीनवर यावं लागेल."

त्यानंतर साडूंना मशीनच्या खाटेवर निजवलं. मी मुद्दाम भूकंपाचा विषय काढून पाहिला, तर त्यांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली. दिवसभर ते लघवीच्या पिशवीकडे टक लावून असायचे. अखेर थेंब थेंब करत पिशवी भरू लागली, मशीन सुटलं. पण किडनी निम्मीच परत आली. उरलेली निम्मी गेली ती गेलीच.

परवा त्यांना तपासणीला नेलं तेव्हा मी बरोबर होतो. डॉक्टरबाईंनी विचारलं, आणखी काही गोळ्या घेता का? साडूंनी छाती फुगवून तोंड उघडलं. तेवढ्यात मेहुणीनं पर्समधून गुडघ्याच्या गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या अवजारांच्या पेटीत सापडलं होतं, पान्याखाली.

साडूंनी तोंड मिटलं. वायसर न बदलता बंद झालेला नळ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.