सोळा दाते आणि चौदा दाते

लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी सायकल घेतली. यावलच्या कचेरीत कारकून होतो, आणि सायकलवाला कारकून म्हणजे निम्मा मामलेदार, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

जळगावचा दुकानदार म्हणाला, मागच्या चाकाला दोन्ही अंगांनी दात्यांची चकरी बसवून देतो. एकीकडे सोळा दाते, सपाटीसाठी. दुसरीकडे वीस, चढासाठी. चढ लागला की चाक काढायचं, उलटं बसवायचं, मग पायांना हलकं जातं.

"चढ?" मला हसूच आलं. "तापीपासून सातपुड्यापर्यंत नुसती केळी आहे, भाऊ. चढ कुठला काढलात?"

वीस दाते दूधवाल्यांना शोभतात, असंही वर ऐकवलं. एका अंगाला सोळा आणि दुसऱ्या अंगाला चौदा बसवून घेतले. म्हणजे इकडे वेग आणि तिकडे आणखी वेग. दुकानदाराने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि पाना उचलला.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बायको माहेरी गेली, सातपुड्याच्या पायथ्याशी. मी मेहुण्यांना निरोप धाडला की जावई सायकलवर येईल, वाटेत पाय न टेकता. निरोप गेल्यावर मात्र धास्ती बसली. पहिल्याच वर्षी सासुरवाडीत हसं झालं असतं, तर जन्मभर ऐकावं लागलं असतं.

यावल सोडलं आणि रस्ता चढू लागला. चढ डोळ्यांना दिसत नव्हता, मांड्यांना कळत होता. चाक उलटं करावं तर तिकडे चौदा! शेवटचा कोसभर मी धोतर सावरत सायकल ढकलली. वेशीच्या अलीकडे केळीच्या बागेआड घाम पुसला, टोपी नीट केली, वर बसलो आणि घंटी वाजवत गावात शिरलो. मेहुण्यांनी वाहवा केली. ती मी निर्लज्जपणे घेतली.

जेवणं झाल्यावर बायको पाणी घेऊन आली. हळूच म्हणाली, "निंबाच्या झोक्यावरून सारा रस्ता दिसतो."

मी तोंडाचा तांब्या खाली घेतला. आखाजीला माहेरवाशिणी दिवसभर झोके घेतात, हे मी साफ विसरलो होतो.

"कोणी कोणी पाहिलं?"

"कोनीच नाई. तुमी वर बसेपर्यंत म्या झोका कोनाले दिलाच नाई. साऱ्या भांडल्या माह्याशी."

तांब्या परत देताना तिचे तळहात दिसले. दोराने सोलून निघाले होते.