खालचा थर : पाणी

माझं काम काय, असं शेजारणीने विचारलं की मी सांगते, कोण कोणाशी मिसळतं आणि कोण फटकून राहतं याचं गणित मांडते. पाणी, अल्कोहोल आणि टोल्युइन हे पेट्रोलसारखं द्रावक एका टाकीत ओतलं की दोन थर होतात. टोल्युइन वर, पाणी खाली. अल्कोहोलची दोघांशी ओळख, त्यामुळे ते कुठल्या थरात किती जाईल हे मॉडेल करून काढावं लागतं. ते मी कर्जतला घरी बसून करते.

रसायनीच्या ज्या कारखान्यासाठी मी ते काम घेतलं होतं, तिथेच बाबा ऑपरेटर होते. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. तिथे तळाच्या थराला सगळे सरसकट पाणीच म्हणतात. ‘पाणी सोड’ म्हणजे खालचा व्हॉल्व्ह उघड. टाकीत नवीन मिश्रण आलं तेव्हा मीही त्यांच्याच भाषेत मोठ्या ऐटीत लिहून दिलं : खालचा थर पाणी, अल्कोहोल नाममात्र. बाबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला. चारचौघांना दाखवत असणार, दुसरं काय!

त्या दिवशी सकाळी डबा घेताना ते म्हणाले, "आज टाकी खाली करायची हाय. दोनला बाजूच्या पायपावर वेल्डिंग हाय, त्याच्या आधी पाणी गटारात सोडून देतो."

मी मान डोलावली.

सव्वा वाजता मी मॉडेलचे आकडे छापायला घेतले. त्यात प्रत्येक जोडीचा एक आकडा भरावा लागतो, त्या दोघांचं आपसात किती पटतं याचा. अल्कोहोल आणि टोल्युइनच्या रकान्यात शून्य होतं. मी तो रकाना भरलाच नव्हता. शून्य म्हणजे मॉडेलच्या लेखी दोघांचं अगदी गुळपीठ, म्हणून अल्कोहोल वर जाऊन बसलं होतं. खरा आकडा घालून पुन्हा चालवलं. बहुतेक सगळं अल्कोहोल खाली आलं, आणि येताना थोडं टोल्युइनही घेऊन आलं.

खालचा थर पाणी नव्हताच. ठिणगी पडली तर भडकणारा होता.

बाबांचा मोबाइल गेटवर जमा, प्लांटमध्ये नेताच येत नाही. कंट्रोल रूमचा फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. पायात चप्पल घातली आणि मग लक्षात आलं, रसायनीला पोचेपर्यंत दोन कधीच वाजून जातील. चप्पल घालून घरातच गोल गोल फिरत मी तेच बटण दाबत राहिले. उघडं गटार, बाबांची खाकी पँट, वेल्डरची निळी ठिणगी, एवढंच दिसत होतं. स्वतःच्या बापाला मी कागदावर लिहून मारलं, असं मी मोठ्याने म्हणाले. दोनला दहा कमी असताना कोणीतरी फोन उचलला. मी नुसती ओरडले, "टाकीचं पाणी बंद करा! ते पाणी नाही! वेल्डिंग थांबवा!"

फोन तसाच ठेवून तो माणूस पळाला. मला नुसते आवाज येत होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग बाबांचा आवाज आला, "व्हॉल्व्ह बंद केला गं. वेल्डिंग पण थांबवलं. गटारावर आग विझवायचा फेस मारतायत. रडू नको."

चूक माझी, असं मी कारखान्याला त्याच दुपारी लिहून दिलं. त्याने भीती गेली नाही.

संध्याकाळी बाबा ओट्यावर बसून चपला काढत होते. मी म्हटलं, "बाबा, तुमच्या हाताला कळलं नाही? पंचवीस वर्षं काढलीत तुम्ही तिथे."

"कळलं ना. बोटावर पडलं तर गारेगार लागलं, लगेच सुकलं पण. पाणी असं सुकत नाय." ते साधेपणाने म्हणाले, "पण म्हटलं, पोरीनं लिवलंय ना, मग पाणीच असंल."

आत जाऊन मी तांब्या भरून आणला आणि त्यांच्या पुढे धरला. त्यांनी न बघता तो तोंडाला लावला आणि घटाघटा पिऊन टाकला.