दुपारी ३ ते ५ : सु.

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली आहेत आणि काही झालं तरी झोपायचं नाही, असं ठरवून माई आरामखुर्चीत आडव्या झाल्या आहेत. अंदमानातलं नील बेट. डोक्यावर पाण्याकडे झुकलेल्या झाडाची गार सावली, समोर ओहोटीचं हिरवंनिळं पाणी, आणि पोटाशी धरलेल्या पर्समध्ये नानांचं वेळापत्रक.

नाना म्हणजे माईंचे यजमान. विट्याच्या एस.टी. स्टँडवर एकतीस वर्षं वाहतूक नियंत्रक होते. गाड्या वेळेवर सोडायच्या आणि कर्ण्यावरून पुकारायच्या, हे त्यांचं काम. या सहलीचं पाच दिवसांचं वेळापत्रक त्यांनीच आखलं, लॅमिनेट करून आणलं, आणि सहल निघायच्या आधी स्वतःच निघून गेले. वर्ष झाल्यावर माईंनी मुलाला सांगितलं, जायचं आणि ह्यांच्या कागदाबरहुकूम जायचं. त्यामुळे मुलगा श्रीरंग, सून केतकी आणि आठ वर्षांची नात ओवी गेले पाच दिवस पहाटे चार चाळीसला उठताहेत. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघताना सात मिनिटं जास्त गेली, तर ती भरून काढायला समुद्रातल्या दगडी कमानीपर्यंत सगळे धापा टाकत गेले. कमान कशी होती ते श्रीरंगला आता फोटोतच बघावं लागणार आहे.

आता एकच ओळ उरली आहे. ‘दु. ३ ते ५ : सु.’ बस्स, एवढंच.

केतकीला वाटतं सुट्टी. श्रीरंगला वाटतं सुरमई, म्हणून त्यानं ती दोनदा मागवली. हॉटेलवाल्यानं सुपारीची बाग सुचवली, तीही सकाळी बघून झाली. सूर्यास्त म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती, कारण सूर्यातला सू दीर्घ. आणि नाना म्हणजे असा माणूस, की स्टँडवरच्या ‘मूतारी’चा ऊकार त्यांनी स्वतः स्टुलावर चढून, रंगाचा डबा हातात घेऊन ऱ्हस्व केला होता.

“सू म्हणजे सू!” ओवी म्हणाली होती. “आजोबा दोन तास सू करणार होते.”

माईंनी तिला दटावलं खरं, पण शेवटी शेवटी नानांचं प्रॉस्टेटचं दुखणं आठवून त्यांच्याही मनात पाल चुकचुकली. ह्यांनी लिहिलेलं सगळं पार पडलं आणि एवढं एकच राहिलं, हे माईंना घशातल्या काट्यासारखं टोचतं आहे. उद्या सकाळी बोट आहे. मग राहिलं ते कायमचंच.

डोळे मिटले तरी कान उघडे ठेवू, असं माई स्वतःला बजावतात. लाट येते, खरखरत मागे जाते. पुन्हा येते, खरखरते. कर्णा सुरू करताना अस्साच खरखरायचा.

फलाटावर गुडघाभर पाणी आहे आणि कुणालाच त्याचं काही वाटत नाही. पिवळ्या पट्ट्यांचे मासे रांगेत शांत उभे आहेत. शेवाळ निथळत लाल गाडी फलाटाला लागते. पाटीवर लिहिलंय ‘विटा – नील, जलद’. आणि खाकी कपड्यांवर माकडटोपी घालून नाना घड्याळ बघत उभे आहेत.

“परवा सूर्योदयाला सहा मिनिटं उशीर,” नाना म्हणतात.

“ढग होते.”

“ढगांची नोंद केलीस?”

“वर्षानं भेटताय आणि हे विचारताय? आणि ही टोपी कशाला? किती उकडतंय!”

“समुद्राचा वारा कानात जातो.”

“आता काय व्हायचं राहिलंय तुमच्या कानांना?”

नाना जरा विचार करतात आणि टोपी काढून खिशात ठेवतात. डोक्यावरचे चार केस वाऱ्यावर उभे राहतात. माईंना एकदम इतकं बरं वाटतं की त्या ते केस बसवायला हात पुढे करतात, तर हात ओट्यावर पडतो.

विट्याचं स्वयंपाकघर आहे. ओट्यावर गॅसच्या शेजारी जांभळं प्रवाळ वाढलंय. नाना पाटावर बसून चहात बिस्कीट बुडवताहेत, आणि त्यांच्या बशीभोवती एक शंखातला खेकडा घुटमळतो आहे.

“अहो, ते सु. म्हणजे काय?” माई विचारतात. “सगळं केलं आम्ही. सुरमई झाली, सुपारी झाली. ओवी तर म्हणते...” त्या नानांच्या कानात सांगतात.

बिस्कीट चहात पडतं. “दोन तास? मी माणूस आहे का टँकर?”

“मग काय ते सांगा ना!”

“लिहिलंय की.”

“अर्धवट लिहिलंय. जन्मभर अर्धवटच बोललात. हाक मारायची तर ‘ऐकलंस का’, ‘अगं’, ‘श्रीची आई’. आणि जाताना तेही नाही. मी आपली चहा घेऊन उभी.”

नाना बिस्कीट चमच्यानं काढायचा प्रयत्न करतात. ते निघत नाही.

“ते वेळापत्रकात नव्हतं गं,” ते हळूच म्हणतात. “नाहीतर सांगून गेलो असतो.”

माईंना रडू येतं आणि रागही येतो. डोळे पुसून त्या बघतात तो समोर लग्नातलं चांदीचं ताट. तांदूळ पसरलेले. नीट बघितलं तर तांदूळ नव्हेत, किनाऱ्यावरची पांढरी वाळू आहे. मांडवाला झालरीऐवजी झाडांच्या ओल्या मुळ्या लोंबताहेत आणि पंचविशीतले नाना अंगठी हातात घेऊन घामाघूम झाले आहेत.

“तेव्हा आत्यानं सांगितलं ते नाव लिहिलं मी. विजया,” ते म्हणतात. “अक्षर बिघडू नये एवढीच चिंता होती. तुझं आधीचं नाव मोडतोय, हे डोक्यातच आलं नाही. तुला विचारायचं राहिलं.”

“आणि मग चव्वेचाळीस वर्षं काय करत होतात?”

“पहिली दहा लाज वाटायची. पुढं तशीच सवय झाली.” अंगठीच्या कडेनं ते वाळूत लिहू लागतात. आधी अक्षरं, मग सगळ्यांवरून एका दमात ओढलेली, शेवटी बोटभर पुढे गेलेली रेघ. “म्हणून इथली दुपार ठेवली होती. पोरं पाण्यात असतील, आजूबाजूला कुणी नसेल. म्हटलं, एकदा तुला तुझ्या नावानं हाक मारू.”

“त्याला दोन तास?”

“दीड तास धीर गोळा करायला धरला होता.”

माईंना हसू फुटतं. “आता कोण ऐकतंय? मारा की हाक.”

नाना तोंड उघडतात. मिटतात. कान लाल होतात. मग वळून ते सरळ स्टँडवरच्या आपल्या खोलीत शिरतात आणि माईक ओढतात. फलाटावरचं पाणी आता कमरेपर्यंत आलं आहे. कर्णा खरखरतो.

“प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सुमती... सुमती जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब ओ द्यावी.”

सगळे मासे वळून माईंकडे बघतात. ओ द्यायला माई तोंड उघडतात, पण आवाज फुटत नाही. गाडीची घंटी वाजते, डबल. पायरीवर उभे राहून नाना मागे बघताहेत, घड्याळ बघत नाहीत. जीव एकवटून माई...

“ओ!”

खेकडे बिळात पळतात. पाण्यातून बाहेर येणारे श्रीरंग आणि केतकी जागीच थांबतात. माई खुर्चीत ताठ बसल्या आहेत, पर्स पोटाशी तशीच आहे, आणि घड्याळात पाच वाजायला चार मिनिटं कमी आहेत.

“माई, काय झालं?” श्रीरंग धावत येतो.

ओवी मात्र खुर्चीच्या पायाशी उकिडवी बसली आहे. “सु... म... ती,” ती वाचते. “हे कुणी लिहिलं?”

वाळूत तीन अक्षरं आहेत. सु ऱ्हस्व. वरची रेघ एका दमात ओढलेली, शेवटी बोटभर पुढे गेलेली. श्रीरंग ते बघतो आणि त्याचा चेहरा उतरतो. वडिलांचं अक्षर त्याला पक्कं ठाऊक आहे, ही बाई मात्र नाही.

“माई,” तो घाबरतच विचारतो, “ही सुमती कोण?”

माई डोळे पुसतात आणि हसतात.

“आत्ता जिनं ओ दिली ना, ती.”