लेकीच्या घरची भांडी

डोंबिवलीची आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि आई माझ्याकडे ठाण्यात कोलशेतला राहायला आली. बाबा गेल्यापासून ती एकटीच होती, त्यामुळे तिने दुसरीकडे कुठे जायचा प्रश्नच नाही, असं मी धरून चालले होते. तिचं गणित वेगळं होतं. लेकीकडे चार दिवस यावं, कौतुक करून घ्यावं आणि निघावं. नवी बिल्डिंग उभी राहीपर्यंत जावयाच्या घरी मुक्काम ठोकायचा, हे तिला भारी जड जात होतं. तिच्या आईने तर नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आपण असलं काही मानत नाही, असं आई मोठ्या तोऱ्यात सांगते. पण तोंडाने सांगणं सोपं असतं, बॅग घेऊन येऊन राहणं अवघड.

आल्या आल्या माझ्या नवऱ्याने तिला आमचं भांडी घासायचं मशीन दाखवलं. लॉकडाऊनमध्ये भांडीवाल्या मावशी येईनाशा झाल्या तेव्हा ते घेतलेलं, आणि त्याचा त्या मशीनवर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. त्याने सगळं उघडून दाखवलं. ताटं खालच्या खणात, कप वरच्या खणात, गोळी इथे, मीठ तिथे.

"मीठ?" आईने विचारलं.

"हो आई, मीठ लागतं त्याला. आपलं पाणी जड आहे ना."

"मग खाल्ल्या मिठाला जागणार म्हणायचं," आई म्हणाली आणि हसली.

ते हसू फार टिकलं नाही. मशीन भरल्याशिवाय लावायचं नसतं, हे कळल्यावर तिचा चेहराच पडला. सकाळच्या पोह्यांच्या बशा, दुपारची ताटं, सगळं आत कोंडून ठेवायचं आणि रात्री एकदम धुवायचं! "अगं, ओट्याखाली दिवसभर खरकटं, आणि वर त्याच ओट्यावर तू कणीक मळणार?" यावर तिने स्वतःपुरता तोडगा काढला. प्रत्येक भांडं आधी साबण लावून लख्ख घासायचं आणि मगच मशीनमध्ये ठेवायचं. रात्री आमचं मशीन मोठ्या निष्ठेने स्वच्छ भांडी धुवायचं आणि माझं डोकं फिरायचं.

"आई, मग मशीन आहे कशाला?"

"असू दे गं. त्यालाही वाटायला नको का, आपण काहीतरी केलं म्हणून?"

मग एक दिवस सकाळी मी मशीन उघडलं तर आत काहीच नव्हतं. सगळी भांडी ओट्यावर पालथी, कोरडी. असं रोजच व्हायला लागलं. रात्री ती मशीन लावूच द्यायची नाही, सकाळी लावू म्हणायची, मग आम्ही उठायच्या आत उठून सगळं घासून मोकळी व्हायची आणि आम्हाला चाहूलही लागायची नाही. त्याचं कारण मला माहीत होतं. बाबा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात रात्रपाळी करून यायचे आणि दिवसा झोपायचे. भांडं वाजलं की खेकसायचे. आमच्या दोन खोल्यांत आई आवाज न करता घासायला शिकली होती. वाटीत वाटी ठेवतानाही ती मधे बोट धरायची.

मी तापट आहे, हे आमच्याकडे सगळ्यांना मान्य आहे. मी तिला ओरडले. तिची कंबर दुखते, हात साबणाने सोलवटतात, आणि हे सगळं होऊ नये म्हणून तर घरात मशीन आहे! नवऱ्याने न ओरडता वेगळा उपाय काढला. जेवण झालं की तो लगेच उठून स्वतःचं ताट, माझं ताट, पातेली, सगळं मशीनमध्ये भरून बटण दाबायला लागला. त्याला वाटलं आईला आराम मिळेल. जावई स्वतःचं उष्टं ताट उचलतोय हे बघून आईचा घास घशात अडकायचा. "अहो, राहू द्या हो," ती म्हणायची. "करतो ना आई, तुम्ही बसा," तो म्हणायचा. आणि ती बसायची, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी अवघडून.

एका शनिवारी चहा घेताना तिने सांगून टाकलं. तिच्या मजल्यावरच्या शेजारणीने डोंबिवलीतच भाड्याने जागा घेतली होती. पुढच्या महिन्यापासून आई तिच्याकडे राहायला जाणार होती.

"का? आम्ही काय कमी केलं तुला?"

"तुम्ही काहीच कमी केलं नाही. तेच तर." ती कपाकडे बघत बोलत होती. "पोळ्यांना बाई आहे. कपड्यांना मशीन. झाडू मारायला तो गोल डबा फिरतो घरभर. भांडी होती, तीही गेली. नुसतं बसून खायचं, आणि तेही लेकीच्या घरी. नाही गं जमत मला."

"हे घर माझंही आहे," मी म्हणाले.

"तुझं आहेच. पण माझं नाही ना."

मी तणतणत आत गेले आणि रडले. मला तिचा राग आला होता, आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. बाबा गेल्यावर ती मला मिळाली होती, रोज सकाळी समोर चहा पिताना दिसत होती, आणि आता ती पाहुण्यासारखी आभार मानून जाणार होती.

नवऱ्यालाही लागलं. रविवारी तो नाक्यावरच्या कोळणीकडून बांगडे घेऊन आला, कारण आईला बांगड्याचं तिखलं आवडतं, आणि स्वतः रांधायला घेतलं. चांगलं झालं होतं. आई बोटं चाटून जेवली. मग त्याने नेहमीप्रमाणे सगळं मशीनमध्ये भरलं. मशीन अर्धंच भरलं म्हणून तसंच बंद करून ठेवलं, संध्याकाळचे चहाचे कप त्यातच टाकले, आणि रात्री घाईत मशीनचा कमी वेळाचा प्रोग्रॅम लावून झोपला.

सोमवारी सकाळी चहा झाला. आईने कप तोंडाजवळ नेला आणि तसाच थांबवला. हुंगला. मग माझा कप ओढून हुंगला. आलं, गवती चहा आणि त्यावर बांगड्याचा सणसणीत वास.

"कुणी लावलं हे?" तिने विचारलं.

नवरा हळूच म्हणाला, "मीच, आई."

"मासळीच्या ताटांत चहाचे कप? कुणी शिकवलं हो तुम्हाला? एवढे शिकलात, आणि वास कळू नये माणसाला? दुधाचं पातेलंही त्यातच घातलंत ना? म्हणजे आता दूधही नासलं की वासाने! उठा. उठा तिथून, हात नका लावू कशाला."

मी थक्क होऊन बघत राहिले. लग्न झाल्यापासून तिने या माणसाला एका शब्दाने दुखवलं नव्हतं. आणि तो खाली मान घालून, अगदी शाळेतल्या मुलासारखा, ओरडा खात होता. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. पाहुणा कधी यजमानाला झापत नाही.

आईने पदर खोचला आणि मशीन रिकामं केलं. एकेक कप बेसन आणि लिंबाच्या सालीने चोळला. मग तिथल्या तिथे कायदे झाले. मासळीची भांडी आधी बाहेर, हाताने, तिच्याकडून. कपबशा वेगळ्या. कढई आणि तवा मशीनला दाखवायचेसुद्धा नाहीत. आणि मशीन लावायचं ते तिला विचारून. त्याने सगळ्याला मान डोलावली आणि बटणं कशी दाबायची ते तिला पुन्हा एकदा समजावून सांगितलं. "खाली वाकून ताटं तुम्हीच लावा," ती म्हणाली, "मी सांगते तशी."

मग दिवसभर ती त्याच्यावर कुरकुरत होती. मला एक शब्द बोलायची हिंमत झाली नाही, न जाणो, लक्षात आलं तर थांबायची.

त्याच दिवशी रात्री जेवताना शेजारणीचा फोन आला. आईने डाव्या हाताने तो कानाला लावला.

"नाही गं, माझं काही जमायचं नाही," ती म्हणाली. "इथे ह्या दोघांचं माझ्यावाचून काही खरं नाही."

फोन ठेवून ती पुन्हा बोलत बसली, कुणाच्या तरी सुनेबद्दल. जेवण कधीच झालं होतं. उजवा हात ताटावर तसाच वाळत होता. एरवी शेवटचा घास तोंडात असतानाच ती ताट घेऊन उठायची. आज गोष्ट संपवली, भिंतीला टेकली आणि ताट माझ्याकडे सरकवलं.

"उचल गं तेवढं माझं. कंबर धरलीय."

आयुष्यभर आमची उष्टी काढलेल्या माझ्या आईने स्वतःचं ताट कुणाला उचलायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नव्हतं. मी ते उचललं, आणि मला इतकं भरून आलं की ते खरकटं ताट हातात धरून मी स्वयंपाकघरात नुसतीच उभी राहिले.